ह्युजपेजेस शून्य, मग डायरेक्टमॅपमध्ये १ जीबी कुठून आलं? कर्नलच्या पेज साइझचं गणित पहिल्यापासून

मागच्या महिन्यात अमळनेरच्या एका ज्युनियरचा रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, काय करी राहिना?" एवढं विचारलं आणि लगेच मुद्द्यावर. त्याने लॅपटॉपवर मेमइन्फो (रॅमचा हिशोब दाखवणारी लिनक्सची फाइल, प्रॉक नावाच्या फोल्डरात असते) उघडलं होतं, त्यात ह्युजपेजेस टोटल समोर शून्य आणि थोडं खाली डायरेक्टमॅप १जी समोर लाखांतला आकडा. "आते माले सांग, हाऊ लॅपटॉप मोठला पेज वापरस का नही?"

मी हसलो कारण याच दोन ओळींनी मला कधीकाळी दोन महिने छळलं होतं, आणि तेव्हा जळगावात ज्याला विचारावं तो "अरे ते डेटाबेसवाल्यांचं काम, तू सोड" म्हणायचा. तेव्हा त्याला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे पायरीपायरीने लिहितोय. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पण त्याचं प्रोग्रामिंग यायला पाहिजे असं काही नाही, लिनक्सचं टर्मिनल उघडता आलं आणि गुणाकार-भागाकार आला की बास.

एक सांगून ठेवतो, हे मोबाइलवर मराठी कीबोर्डने टाइप करतोय, त्यामुळे कमांड आणि फाइलींची नावं जशी बोलतो तशी लिहिलीत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

१. आधी हे जमवून ठेवा

- खऱ्या मशीनवर चालणारं ६४ बिट लिनक्स, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर. उबुंटू, फेडोरा, डेबियन काहीही. जुना ४ जीबीचा लॅपटॉप पण चालेल.
- सुडोचा पासवर्ड. निम्म्या गोष्टी रूटशिवाय (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराशिवाय) दिसत नाहीत, आणि त्रास म्हणजे काही ठिकाणी एरर न देता चुकीचंच दाखवतं (पुढे येईल).
- चौकटीची वही आणि पेन. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, वहीवर एकदा हिशोब केल्याशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही.
- जमलं तर कर्नलचा सोर्स उतरवून ठेवा. त्यात डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात एक्स८६-६४ साठी एमएम नावाची फाइल आहे, कर्नल कोणता पत्ता कशाला वापरतो त्याचा पूर्ण तक्ता आहे त्यात.

विंडोजच्या आतलं डब्ल्यूएसएल, व्हर्च्युअलबॉक्स वगैरे सध्या नको. चालतं सगळं, पण तिथे दिसणारी रॅम खरी रॅम नसते, आकडे वेगळे येतात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो.

२. सातबारा डोळ्यासमोर आणा

आपल्याकडे शेतीची भाषा सगळ्यांना कळते म्हणून तीच घेतो. रॅम म्हणजे जमीन. कर्नल ती ४०९६ बाइटच्या तुकड्यांत मोजतो, त्याला म्हणायचं पेज. प्रोग्रॅम असो की खुद्द कर्नल, दोघंही थेट जमिनीवर जात नाहीत, ते जो पत्ता वापरतात तो व्हर्च्युअल असतो आणि "हा पत्ता म्हणजे अमुक जागेवरची जमीन" हे लिहिलेलं असतं पेज टेबलमध्ये. पेज टेबल म्हणजे सातबाऱ्याचं दप्तर.

हे दप्तर एकाच वहीत नाही, चार पातळ्यांत आहे. समजा जिल्हा, तालुका, गाव, गट. कर्नलवाले यांना पीजीडी, पीयूडी, पीएमडी आणि पीटीई म्हणतात. प्रत्येक टेबल बरोबर एका पेजचं, म्हणजे ४०९६ बाइट, एक एन्ट्री ८ बाइटची, म्हणजे एका टेबलात ५१२ एन्ट्र्या. ५१२ म्हणजे २ चा नववा घात, म्हणून पत्त्यातले ९ बिट एका पातळीला लागतात. आता वहीत लिहा: ९ + ९ + ९ + ९, आणि पेजच्या आत नेमका कितवा बाइट हे सांगायला १२. बेरीज ४८. तो ४८ बिट व्हर्च्युअल ॲड्रेस म्हणून तुम्ही कुठेतरी वाचलं असेल तो असा येतो. (नव्या सर्व्हर प्रोसेसरांत पाचवी पातळी पण असते, मग ५७ बिट. लिनक्समध्ये ती सोय २०१७ सालच्या ४.१४ आवृत्तीत आली. आत्ता विसरा.)

आता मोठी पेजेस कुठून येतात बघा, खरी मेख इथे आहे. चौथ्या पातळीची एक एन्ट्री ४ केबी दाखवते. तिसऱ्या पातळीच्या एका एन्ट्रीखाली अशा ५१२ एन्ट्र्यांचं टेबल, म्हणजे ५१२ गुणिले ४ केबी, २ एमबी. दुसऱ्या पातळीच्या एका एन्ट्रीखाली ५१२ गुणिले २ एमबी, म्हणजे १ जीबी. बरं, गावातली सगळीच्या सगळी जमीन सलग एकाच मालकाची असेल तर गटागटाचा उतारा कशाला काढायचा, तालुक्याच्या वहीतच लिहून टाका की "हे अख्खं गाव अमक्याचं, खाली बघू नका". प्रोसेसर नेमकं हेच करू देतो. एन्ट्रीतला ७ नंबरचा बिट चालू केला की त्याचा अर्थ "खाली टेबल नाही, इथेच जमीन सुरू". तिसऱ्या पातळीवर चालू केला तर २ एमबीचं पेज, दुसऱ्या पातळीवर केला तर १ जीबीचं.

म्हणजे २ एमबी आणि १ जीबी हे आकडे कोणी हौसेने ठरवलेले नाहीत, दप्तराच्या रचनेतूनच ते निघतात. म्हणूनच "१६ एमबीचं पेज करता येईल का" याला या प्रोसेसरवर उत्तर नाही असंच आहे.

इथला सापळा: जुन्या नोट्समध्ये मोठं पेज ४ एमबीचं लिहिलेलं सापडेल. ते चूक नाही, ते ३२ बिटचं आहे. तिथे एन्ट्री ४ बाइटची, टेबलात १०२४ एन्ट्र्या, १०२४ गुणिले ४ केबी म्हणजे ४ एमबी. १९८५ च्या ३८६ मध्ये फक्त ४ केबी होतं, ४ एमबीची सोय पेंटियमपासून. कॉलेजच्या सिलॅबसमध्ये अजून तेच असतं त्यामुळे मुलं दोन्ही मिसळतात.

३. मोठं पेज पाहिजेच कशाला

दोन कारणं, दोन्ही वहीवर काढा.

पहिलं दप्तराचं वजन. १६ जीबी रॅम सगळी ४ केबीने मांडली तर ४१,९४,३०४ एन्ट्र्या, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ३२ एमबी नुसतं शेवटच्या पातळीचं दप्तर. तीच रॅम २ एमबीने मांडली तर ८१९२ एन्ट्र्या, ६४ केबी. आणि १ जीबीने मांडली तर १६ एन्ट्र्या. सोळा! १२८ बाइट.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रत्येक वेळी चार वह्या उघडायला प्रोसेसरला परवडत नाही, म्हणून तो अलीकडे पाहिलेले उतारे स्वतःच्या खिशातल्या डायरीत लिहून ठेवतो. तिला टीएलबी म्हणतात. डायरी लहान असते. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये टीएलबीच्या दुसऱ्या, मोठ्या थरात (दप्तराच्या पातळ्यांशी याचा संबंध नाही) १५३६ ओळी आहेत आणि त्या ४ केबी आणि २ एमबी दोघांना चालतात. एका ओळीत एक उतारा, मग तो गुंठ्याचा असो की शंभर एकराचा. १५३६ ओळी ४ केबीने भरल्या तर ६ एमबी जमीन खिशात, २ एमबीने भरल्या तर ३ जीबी. शिवाय डायरीत सापडलंच नाही तर ४ केबीच्या पेजला चार वह्या, २ एमबीला तीन, १ जीबीला दोनच.

पण १ जीबीच्या ओळी फार कमी असतात, त्याच स्कायलेकमध्ये टीएलबीच्या त्या दुसऱ्या थरात फक्त १६. त्यामुळे "मोठं तेवढं चांगलं" असं डोळे झाकून समजू नका.

४. आपलं मशीन वाचा

आधी प्रोसेसरला काय जमतं ते बघा. प्रॉक मधली सीपीयूइन्फो फाइल उघडा आणि फ्लॅग्सच्या लांबलचक ओळीत तीन शब्द शोधा: पीएसई, पीएई आणि पीडीपीई१जीबी. तिसरा असला तरच १ जीबीचं पेज शक्य. एएमडीमध्ये तो २००७ पासूनच्या पिढीत आला, इंटेलमध्ये २०१० च्या वेस्टमेअरपासून, पण स्वस्तातल्या काही चिप्समध्ये नंतरही नव्हता. नसेल तर नाराज होऊ नका, २ एमबी तर आहेच.

मग सुडो डीमेसेज (कर्नलचे बूटपासूनचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा आणि ई८२० शोधा. फर्मवेअर (मदरबोर्डवरचं बायोस वगैरे) बूटच्या वेळी कर्नलला सांगतं की कुठून कुठपर्यंत वापरण्याजोगी रॅम आहे आणि कुठे हात लावायचा नाही, ती यादी ही. जमिनीचा खरा नकाशा हाच. तोच नकाशा प्रॉक मधल्या आयओमेम फाइलमध्येही दिसतो, आणि इथे तो मघाशी म्हटलेला सापळा: सुडोशिवाय उघडलं तर एरर येत नाही, सगळे पत्ते शून्य शून्य दिसतात. मी अर्धा दिवस समजत होतो की माझं कर्नल बिघडलंय.

आता मेमइन्फो. माझ्या ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपचे आकडे, हिशोब दिसावा म्हणून थोडे गोल केलेले:

डायरेक्टमॅप ४के: २,४०,६४० केबी
डायरेक्टमॅप २एम: ४९,५४,११२ केबी
डायरेक्टमॅप १जी: ३१,४५,७२८ केबी

तिघांची बेरीज ८३,४०,४८० केबी, म्हणजे ८१४५ एमबी. वरचं मेमटोटल यापेक्षा कमी असतं कारण त्यातून कर्नलने स्वतःसाठी बूटलाच ठेवून घेतलेली जागा वजा असते. "रॅम चोरीला गेली" म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

५. डायरेक्टमॅप म्हणजे काय, आणि सगळं १ जीबीनेच का नाही मांडत

कर्नलला कोणत्याही क्षणी कुठल्याही फिजिकल पेजला हात लावावा लागतो, कोणाचं पेज शून्य करायचं, कोणाचं कॉपी करायचं. म्हणून तो बूट होतानाच अख्खी रॅम स्वतःच्या पत्त्यांत एका सरळ पट्टीत मांडून घेतो, फिजिकल पत्ता अधिक एक ठरलेला आकडा म्हणजे व्हर्च्युअल पत्ता. या पट्टीला डायरेक्टमॅप म्हणतात. चार पातळ्यांच्या एक्स८६-६४ वर या पट्टीसाठी ६४ टीबी पत्ते राखून ठेवलेत. सुरक्षेसाठी ही पट्टी दर बूटला पुढेमागे सरकवतात, पण सरकवतात १ जीबीच्या पटीतच, म्हणून खालच्या हिशोबात काही बिघडत नाही.

नियम एकच पण कडक: २ एमबीचं पेज २ एमबीच्या पटीतल्या पत्त्यावरच सुरू व्हायला पाहिजे, १ जीबीचं १ जीबीच्या पटीत. बांध मध्येच आला तर चालत नाही. म्हणून कर्नल प्रत्येक सलग तुकडा घेऊन आधी डोकं ४ केबीने भरतो, मग २ एमबीची हद्द लागली की २ एमबीने, १ जीबीची हद्द लागली की १ जीबीने, आणि शेपटाला परत उलटं, २ एमबी आणि उरलंसुरलं ४ केबी.

माझ्या लॅपटॉपचं वहीवर काढू. नकाशात रॅमचे दोन मोठे तुकडे, ० ते २५३१ एमबी आणि ४०९६ ते ९७१० एमबी. मधली जागा ग्राफिक्स, नेटवर्क वगैरे उपकरणांच्या पत्त्यांसाठी, म्हणून रॅमचा उरलेला भाग ४ जीबीच्या वर ढकललेला असतो. (८ जीबीच्या मशीनवर ९ जीबीच्या पुढचे पत्ते बघून घाबरणारे खूप असतात, मी पण.)

- ० ते १ एमबी: ही डॉसच्या जमान्यापासूनची गावठाणाची जागा, यात ६४० केबीच्या पुढे जुन्या व्हीजीए वगैरेंची वस्ती. कर्नल ही वेगळी मांडतो, २५६ लहान पेजेस.
- १ ते २ एमबी: २ एमबीची हद्द यायचीय, परत २५६ लहान.
- २ ते १०२४ एमबी: २ एमबीची ५११ पेजेस. १ जीबीचं एक झालं असतं पण सुरुवात हद्दीवर नाही.
- १०२४ ते २०४८: १ जीबीचं एक. पहिलं पूर्ण गाव.
- २०४८ ते २५३०: २ एमबीची २४१. उरलेला १ एमबी परत २५६ लहान.
- ४०९६ ते ९२१६: १ जीबीची पाच.
- ९२१६ ते ९७१०: २ एमबीची २४७.

बेरीज करा: १ जीबीची ६, २ एमबीची ९९९, आणि ४ केबीने फक्त ३ एमबी. ६१४४ अधिक १९९८ अधिक ३, बरोबर ८१४५.

पण मेमइन्फो तर म्हणतंय १ जीबीची तीनच, आणि ४ केबीने २३५ एमबी! हिशोब चुकला? नाही. मधल्या काळात वाटण्या झाल्या.

६. वाटण्या कशा होतात ते बघा

एका सातबाऱ्यावर एकच नाव आणि एकच नियम असतो. १ जीबीच्या एन्ट्रीवर "वाचा-लिहा चालेल, कोड चालवता येणार नाही" असं लिहिलं की ते सगळ्या १ जीबीला लागू. आता तुम्ही वायफायचा ड्रायव्हर लोड केला. ड्रायव्हरच्या कोडवर कोणी लिहू नये म्हणून कर्नल ती पेजेस फक्त वाचण्यापुरती करतो, आणि तीच पेजेस डायरेक्टमॅपमध्येही दिसतात म्हणून तिथेही करावं लागतं. बदलायचीत चार-दोन पेजेस पण ती १ जीबीच्या गटाच्या मधोमध. मग गट फोडायचा. कर्नल एक नवं टेबल घेतो, त्यात जुन्याच नियमाच्या ५१२ एन्ट्र्या लिहितो, त्यातली एक परत फोडतो, त्यात ५१२, आणि मग हव्या त्या ४ केबीवर नवा नियम. शेवटी सगळ्या प्रोसेसर कोअरना सांगावं लागतं की खिशातल्या डायरीतली जुनी ओळ खोडा.

दोन भावांची वाटणी झाली आणि मधल्या एका पट्ट्यासाठी गटाचे पोटहिस्से पडले की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. फोडायला एक दिवस पुरतो, परत जोडायला पिढ्या जातात, १९४७ चा तुकडेबंदी कायदा असूनही. कर्नलमध्ये तर इतकी वर्षं जोडायचा प्रकार जवळजवळ नव्हताच, अलीकडच्या आवृत्त्यांत काही ठरावीक जागी तुकडे परत एक करायला सुरुवात झालीय. म्हणून मशीन जितके दिवस चालू तितका डायरेक्टमॅप ४के वाढत गेलेला दिसतो.

फोडणारे कोण कोण: ड्रायव्हर मॉड्यूल, बीपीएफचे (चालू कर्नलच्या आत घालता येणारे छोटे) प्रोग्रॅम, कर्नलच्या स्वतःच्या कोडचं संरक्षण, आणि २०२१ पासून मेमएफडी सीक्रेट नावाची सोय, जी एखाद्या प्रोग्रॅमची गुपित पेजेस डायरेक्टमॅपमधूनच काढून टाकते. डीबग पेजअलॉक (कर्नलमधल्या चुका शोधायची सोय) चालू केलं तर सगळंच पहिल्यापासून ४ केबीने मांडलं जातं.

आता माझा हिशोब जुळवा. १ जीबीची ६ वरून ३ झाली म्हणजे तीन फुटली, त्यातून २ एमबीची १५३६ आली. ९९९ अधिक १५३६ म्हणजे २५३५. पण मेमइन्फोतले ४९,५४,११२ केबी म्हणजे २४१९. फरक ११६, एवढी पुढे ४ केबीत फुटली, ११६ गुणिले २ एमबी म्हणजे २३२ एमबी, त्यात पहिले ३ मिळवले की २३५. जुळलं. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी रात्री दोनला एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या, आई उठून आली.

तुमच्या मशीनवर असं काठोकाठ जुळेलच असं नाही कारण खऱ्या नकाशात मध्ये मध्ये फर्मवेअरने राखून ठेवलेले बारीक तुकडे असतात. पण जवळपास जाल.

सापळा: प्रॉक मधल्या व्हीएमस्टॅटमध्ये डायरेक्ट मॅप लेव्हल २ स्प्लिट्स आणि लेव्हल ३ स्प्लिट्स असे काउंटर आहेत, लेव्हल २ म्हणजे २ एमबीचं फुटणं, लेव्हल ३ म्हणजे १ जीबीचं (इथे पातळ्या खालून मोजतात, आपण वरून मोजल्या). साहजिकच वाटतं की तिथे ११६ आणि ३ दिसेल. दिसत नाही, कमी दिसतं, कारण हे काउंटर सिस्टिम पूर्ण उठल्यावरच मोजायला लागतात, बूट होतानाच्या वाटण्या त्यात धरत नाहीत. वहीचा हिशोब खरा माना.

हे वाढलेलं ४के बघून "माझा लॅपटॉप स्लो झाला तो यामुळेच" असं म्हणणारेही भेटतील. आधी ब्राउझरचे चाळीस टॅब बंद करा.

७. आता मूळ प्रश्न: मग ह्युजपेजेस शून्य का

कारण त्या दोन ओळी दोन वेगळ्या दप्तरांबद्दल आहेत. मोठं पेज या एका नावाखाली तीन गोष्टी येतात आणि सगळा गोंधळ त्यातूनच होतो.

डायरेक्टमॅप ही कर्नलची स्वतःची मांडणी. त्यात १ जीबीने मांडलं म्हणजे ती १ जीबी कोणाला वाटून दिली असं नाही, नुसता कर्नलच्या उताऱ्यावर एका ओळीत लिहिली. त्याच १ जीबीतली ४ केबीची पेजेस रोज हजारो प्रोग्रॅमना वेगवेगळी दिली जातात. म्हणजे तुमच्या ब्राउझरचं एक लहान पेज ब्राउझरच्या दप्तरात ४ केबीची एन्ट्री म्हणून असतं आणि त्याच वेळी कर्नलच्या दप्तरात १ जीबीच्या एन्ट्रीच्या पोटात असतं. जमीन एकच, उतारे दोन, दोन वेगळ्या मापांचे. हे वाक्य परत वाचा, माझे दोन महिने इथेच गेले. आणि वाटप लहान पेजनेच होतं म्हणून कर्नल प्रत्येक ४ केबीसाठी साधारण ६४ बाइटची एक वेगळी नोंद ठेवतो, १६ जीबीला २५६ एमबी, डायरेक्टमॅप कितीही मोठ्या पेजने असला तरी ती नोंद काही कमी होत नाही.

ह्युजपेजेस टोटल हे दुसरं, ते राखीव कुरण. तुम्ही सांगाल तेवढी मोठी पेजेस कर्नल बाजूला काढून ठेवतो आणि जो प्रोग्रॅम खास मागेल त्यालाच देतो. सहसा डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन. घरच्या लॅपटॉपवर शून्यच असायला पाहिजे.

तिसरं ट्रान्सपरंट ह्युज पेज, २०११ च्या २.६.३८ पासून. यात न मागता कर्नल स्वतःच प्रोग्रॅमला जमेल तिथे २ एमबीचं देतो. मेमइन्फोमध्ये ॲनॉनह्युजपेजेस ही ओळ त्याची.

प्रयोग करून खात्री करा. मेमइन्फोचा फोटो काढा. मग रूट होऊन प्रॉक, सिस, व्हीएम मधल्या एनआर ह्युजपेजेस फाइलमध्ये ६४ लिहा. परत मेमइन्फो बघा. ह्युजपेजेस टोटल ६४ झालं असेल, मेमफ्री साधारण १२८ एमबीने कमी, आणि डायरेक्टमॅपच्या तिन्ही ओळी होत्या तिथेच. कधी ६४ च्या जागी ५० वगैरेच मिळतात, कारण तेवढी सलग मोकळी जागाच उरलेली नसते आणि कर्नल मिळाली तेवढी घेऊन गप्प बसतो, एरर देत नाही. झालं की त्याच फाइलमध्ये ० लिहून जागा मोकळी करा, विसरू नका.

८. मी केलेला शहाणपणा, तुम्ही करू नका

१ जीबीची राखीव पेजेस चालू मशीनवर मिळणं अवघड, १ जीबी सलग कुठून येणार, म्हणून ती बूटच्या वेळीच मागतात. मी हे वाचलं आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ग्रबच्या (बूट होताना लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कायमच्या सेटिंगमध्ये १ जीबीची सहा लिहून टाकली. मे महिना, ४५ डिग्री, त्यात दुपारची लाइट गेलेली, डोकं चालत नव्हतं म्हणा. रीबूट केल्यावर उरलेल्या रॅममध्ये डेस्कटॉप काही उठेना, कर्नल एकेक प्रोग्रॅम मारत सुटलेला आणि बॅटरी वीस टक्के. राखीव कुरणात बाकी कोणी गुरं चारू शकत नाही हे तेव्हा कळलं. शेवटी ग्रबच्या मेनूत जाऊन ती ओळ खोडून एकदा बूट केलं आणि मग सेटिंग काढलं.

तेव्हा प्रयोग नेहमी एका बूटपुरता करा, फाइलमध्ये कायमचा लिहू नका. कसा ते शेवटच्या पायरीत.

९. दुसरं मशीन असेल तर

व्हर्च्युअल मशीनमध्ये डायरेक्टमॅप १जी ही ओळच नसेल तर बहुतेक व्हर्च्युअल प्रोसेसरला तो फ्लॅग दिलेला नाही. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा नेहमीचा प्रोसेसर मॉडेल तो देत नाही, होस्टचा (म्हणजे खऱ्या मशीनचा) प्रोसेसर जसाच्या तसा द्यायला सांगा म्हणजे येईल.

एआरएमवर (मोबाइलमध्ये असतात त्या जातीचे प्रोसेसर) खेळ वेगळा. तिथे मूळ पेजच ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं, ॲपलच्या चिप्स १६ वापरतात, रास्पबेरी पाय ५ चं स्वतःचं ओएसही १६ केबीच्या कर्नलवर येतं. मग मोठ्या पेजचे आकडेही बदलतात, १६ केबीच्या मांडणीत पुढचं माप ३२ एमबी आणि ६४ केबीच्या मांडणीत ५१२ एमबी. गेटकॉन्फ पेजसाइझ ही कमांड चालवली की मूळ माप कळतं. डायरेक्टमॅपच्या ओळी तिथल्या मेमइन्फोत शोधत बसू नका, सहसा नसतात.

१०. सोर्स उघडायचा असेल तर, आणि एक शेवटचा प्रयोग

आर्च, एक्स८६, एमएम या फोल्डरात इनिट नावाची सी फाइल उघडा. त्यात इनिट मेम मॅपिंग हे फंक्शन सुरुवात, आणि स्प्लिट मेम रेंज हे ते डोकं-धड-शेपूट कापणारं. पाचव्या पायरीतला वहीचा हिशोब जवळ ठेवून वाचा, ओळीला ओळ लागते. प्रत्यक्ष एन्ट्र्या शेजारच्या इनिट ६४ फाइलीत भरल्या जातात, तिथे पीयूडी, पीएमडी, पीटीई अशी तीन फंक्शन एकाखाली एक दिसतील. वाटण्या करणारा कोड त्याच एमएमच्या आत पॅट नावाच्या फोल्डरात आहे. तो पहिल्याच दिवशी वाचू नका, डोकं दुखतं.

आणि प्रयोग. आजचे डायरेक्टमॅपचे तिन्ही आकडे वहीत लिहा. रीबूट करा, ग्रबचा मेनू आला की ई दाबा (मेनू येत नसेल तर बूट होताना एस्केप किंवा शिफ्ट), लिनक्स शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन नो-जीबी-पेजेस हा शब्द सलग लिहा, मध्ये डॅश नाही, आणि एफ १० दाबा. हा बदल एवढ्याच बूटपुरता. उठल्यावर मेमइन्फोत डायरेक्टमॅप १जी ही ओळ शून्य नाही तर गायबच झालेली दिसेल आणि तिची जमीन २एम मध्ये गेलेली असेल. वापरताना तुम्हाला काही फरक जाणवणार नाही, मलाही जाणवला नव्हता.

ओळ गेलीच नाही तर शब्द मागच्या शब्दाला चिकटलाय का बघा. अमळनेरवाल्याचं तेच झालं होतं, त्याने स्पेसच दिली नव्हती.